विचारांचा फुगा की चौकटीखालची टीप?

मानसोपचाराचं सत्र कॉमिकमध्ये मांडताना थेरपिस्टच्या मनातलं दोन प्रकारे दाखवता येतं: डोक्यावरच्या विचारांच्या फुग्यात किंवा चित्राच्या चौकटीखालच्या टिपेत. फुगा तत्क्षणीची प्रतिक्रिया पकडतो: क्लायंट पुन्हा उशिरा येतो, ती शांतपणे ‘बसा’ म्हणते, फुग्यात मात्र चीड. बोलणं आणि मन यांतली फट एका नजरेत कळते. पण मजकूर आठ-दहा शब्दांपलीकडे गेला की फुगा चेहऱ्यावर चढतो, आणि दोन खुर्च्यांच्या या गोष्टीत चेहरे हेच तर भांडवल!

ही चीड तिची स्वतःची की क्लायंटने तिच्यात जागवलेली, हे उलगडायला टीपच हवी. मानसोपचारतज्ज्ञ फिलिपा पेरी यांच्या ‘काउच फिक्शन’ या कॉमिक पुस्तकात (२०१०) चौकटींखाली अशा टिपा आहेत. तोटा एकच, नजर खाली गेली की लय तुटते. म्हणून निःशब्द चौकटीखाली टीप नको. पुढच्या संवादाखाली द्या.