पार्किंगमधली धडक, दोन बोटांचा चरा आणि गेलेले १८,५०० रुपये

धडक बसली ६ वाजून ४० मिनिटांनी. ७ वाजून १२ मिनिटांनी माझ्या खात्यातून यूपीआयने १८,५०० रुपये गेले. त्यावर माझ्याच बंपरच्या रंगकामाचे ४,२००. एकूण २२,७०० रुपये, आणि शिवाय माझ्या सहीची एक चिठ्ठी: ‘माझ्या चुकीने धडक बसली.’ पैसे गेले ते गेले. पण त्या चार शब्दांनी पुढचे सगळे दरवाजे बंद केले, आणि तीच गोष्ट सांगण्यासाठी हे लिहितोय.

मुद्दाम धडक घडवून जागेवर पैसे उकळण्याचा हा प्रकार नवा नाही, सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला आहे. मीही ऐकला होता. तरी फसलो.

मॉलचं बेसमेंट पार्किंग, गर्दीची वेळ. मी रिव्हर्समध्ये जागेतून बाहेर निघत होतो. डावीकडून लेनमधून एक पांढरी हॅचबॅक आली आणि थांबली. चालकाने डिपर दिला, खिडकीतून हात काढून ‘या, या’ केलं. मी गाडी मागे घेतली. अर्ध्याहून जास्त बाहेर आलो आणि टक् असा आवाज झाला. माझ्या मागच्या बंपरचा डावा कोपरा आणि त्याच्या पुढच्या बंपरचा डावा कोपरा. थांबलेली गाडी मध्येच पुढे आली होती. मी उतरायच्या आत तो उतरला होता, आणि खाकी शर्टातला एक माणूस, ज्याला मी पार्किंगवालाच समजलो, म्हणत होता, “मी बघितलं ना, ह्यांनी न बघताच घेतली.”

‘त्यानेच हात केला’ हे मी पन्नास वेळा सांगितलं. उपयोग शून्य, आणि का शून्य ते नीट समजून घ्या. समोरच्याने हात दाखवला म्हणून रिव्हर्स घेणाऱ्याची जबाबदारी जात नाही. लेनमधल्या गाडीचा हक्क आधी, जागेतून निघणाऱ्याचा नंतर. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर हिशेब इथूनच सुरू करतो. हात केल्याचा पुरावा कॅमेऱ्यात नसेल तर तो हात झालाच नाही असं धरा. सापळा याच नियमावर बेतलेला असतो. मात्र हा फक्त हिशेबाचा आरंभ आहे, निकाल नव्हे. लेनमधली गाडी जमिनीवरच्या बाणाच्या उलट दिशेने आली का, वेगात होती का, थांबून पुन्हा पुढे सरकली का, निघणारी गाडी किती बाहेर आली होती, यावर दोष वाटला जातो. समोरासमोरच्या जागांतून दोघेही रिव्हर्स घेत असतील तर बहुधा दोघांचा. उभ्या, बंद गाडीला लागलं तर जवळपास नेहमी चालत्या गाडीचा, भले ती उभी गाडी पट्ट्याबाहेर का असेना. उघडलेल्या दाराला लागलं तर आधी दार उघडणाऱ्याला विचारतात.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही.

मी खाली वाकून त्याची गाडी बघितली. बंपरला फॉगलॅम्पजवळ तडा, फॉगलॅम्पची काच फुटलेली, आणि वर फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, हेडलाइटच्या पातळीला हातभर लांब ओरखडा. माझी गाडी लाल आहे. त्या ओरखड्यात निळा रंग होता. निळा! मी तो पाहिला. नजर त्यावर थांबलीसुद्धा. आणि तेवढ्यात मागून चार गाड्यांचे हॉर्न, खाकी शर्टवाला ‘साहेब गाडी बाजूला घ्या’ म्हणून खिडकीवर थाप मारतोय, आणि मी उठून गाडी बाजूला घेतली. त्या गडबडीत कोणीही घेतली असती असं मला अजूनही वाटतं. पण तिथेच सगळं संपलं, कारण दोन गाड्यांची टेकलेली स्थिती हाच सगळ्यात मोठा पुरावा होता आणि तो मी माझ्या हाताने पुसला.

बाकीचंही डोळ्यांसमोरच होतं. काच फुटली म्हणे, पण जमिनीवर एक कणही नाही. फॉगलॅम्पच्या खोबणीत वाळलेला चिखल. बंपरच्या तड्याच्या कडा काळ्या पडलेल्या. ताज्या तुटलेल्या प्लास्टिकची कड स्वच्छ असते. माझ्या बंपरवर जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर दोन बोटं रुंद पांढरट डाग आणि एक चरा. त्याचा फेंडरचा ओरखडा ८५ सेंटिमीटरच्या आसपास. ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक जरा खाली बसतं, म्हणून चार-पाच सेंटिमीटरचा फरक चालतो. ३५ सेंटिमीटरचा नाही. माझ्या गाडीवर त्या उंचीला साधा डागही नव्हता. खुणा जोडीने असतात: उंची जुळली पाहिजे, रंग एकमेकांवर गेला पाहिजे, आणि घासल्याची खूण आहे की थेट ठोकल्याचा पोचा आहे, हेही दोन्हीकडे जुळलं पाहिजे.

नवव्या मिनिटाला त्याच्या ‘गॅरेजवाल्याचं’ एस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. बंपर ६,९००, फेंडर ४,६००, फॉगलॅम्प १,८००, रंग आणि मजुरी ५,२००. एकूण १८,५००. गाडी न बघता, नऊ मिनिटांत! त्यावर जीएसटी क्रमांक नाही, तारीख नाही, आणि ‘उजवा फेंडर’ असं लिहिलेलं. धडक डाव्या कोपऱ्याला. हे मी घरी आल्यावर वाचलं. जागेवर फक्त खालची बेरीज वाचली.

मी पैसे का दिले? कारण त्याने बरोबर जागी बोट ठेवलं: “क्लेम केलात तर तुमचा ५० टक्के बोनस जाईल, शिवाय पोलीस केस, गाडी अडकेल.” माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, खरोखरच ५० टक्क्यांवर होता. पाच वर्षं २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या चढून तिथे पोहोचतो माणूस, तो घालवायला कोण तयार होईल? पण तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो. मी माझ्या बंपरसाठी क्लेम घेतला तर तो जातो. समोरच्याच्या गाडीचं नुकसान हा थर्ड पार्टीचा भाग, त्याने बोनसला धक्का लागत नाही. खाजगी कारला तिथे साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण पॉलिसीतच असतं. ही एक ओळ मला त्या संध्याकाळी माहीत असती तर!

आणि साधी गोष्ट: त्याचं नुकसान खरं असेल तर त्याने स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम घ्यावा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, रंगाच्या मालावरही ५० टक्के. म्हणजे अगदी माझीच शंभर टक्के चूक धरली, तरी ६,९०० च्या बंपरमागे त्याच्या खिशातून ३,४५० गेले असते, अधिक ती वजावट, थोडा रंगाचा फरक आणि त्याचा बोनस. मागायचाच तर तेवढा फरक मागावा. पण तो स्वतःच्या कंपनीकडे जाणार नाही, कारण सर्व्हेअर आला की निळा रंग आणि वाळलेला चिखल पहिल्या मिनिटाला दिसतो. कोणी ‘विमा नको, जागेवर मिटवू’ म्हणालं की तिथेच थांबा. त्याच्या गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका, विमा चालू आहे की नाही ते लगेच कळतं. मी टाकला, चौथ्या दिवशी. संपलेला होता.

अकराव्या दिवशी त्याचा मेसेज आला, हेडलाइटचं ब्रॅकेटही तुटलंय, आणखी ९,००० पाठवा, चिठ्ठी माझ्याकडे आहे. तेव्हा खात्री पटली. ते ९,००० मी दिले नाहीत.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मॉलच्या पार्किंग व्यवस्थापनाने सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा, मगच फुटेज. तो खाकी शर्टवाला आमचा माणूसच नाही म्हणाले. चौकीत सांगितलं, ती खाजगी जागा, आमच्याकडे येत नाही. मोटार वाहन कायद्याची ‘सार्वजनिक जागा’ ही व्याख्या मालकी विचारत नाही, लोकांना तिथे जाण्याचा हक्क आहे का ते विचारते. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, मग तुम्हीच करा तपास. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब: “तुम्ही आपसात मिटवलंय, लेखी दिलंय, पैसे दिलेत, आता काय पाहिजे?” मी फसवणुकीचा अर्ज लिहून नेला. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. ‘ऑनलाइन पैसे गेलेत ना, मग सायबरला जा.’ १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला तर, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, हे चौकीचं काम. चौकी ते सायबर, सायबर ते चौकी. तीन आठवडे, सहा फेऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, ‘तुम्ही सही का केलीत?’ जणू गुन्हा मी केलाय! पत्र मिळेपर्यंत सोळावा दिवस उजाडला, आणि त्या पार्किंगचं फुटेज पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. एका दिवसाने गेलं. त्या एका कागदासाठी सोळा दिवस लावणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही.

त्या फुटेजमध्ये काय होतं ते मला नंतर कळलं, म्हणून जीव जास्त जळतो. आत येताना बूम बॅरिअरवरचा कॅमेरा प्रत्येक गाडीचा समोरून, नंबरसकट फोटो घेतो. त्याची गाडी आत आली तेव्हाच फॉगलॅम्प फुटलेला होता की नाही, हे त्या एका फोटोत होतं. मी मागत बसलो लेनमधल्या कॅमेऱ्याचं फुटेज, ज्यात खांब आडवा होता. तुमच्यावर वेळ आली तर पहिली मागणी प्रवेशाच्या फोटोची करा, त्याच संध्याकाळी, लेखी, ‘अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं चित्रण जपून ठेवावं’ अशा शब्दांत, आणि ईमेलने, म्हणजे पोचेसाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही. पार्किंगची पावती फेकू नका. तिच्यावर वेळ असते.

विमा कंपनीचं उत्तर दोन ओळींचं. पॉलिसीची अटच आहे की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष कबूल करायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. मी तिन्ही केलं होतं. कागदावर त्यांचं बरोबर आहे. पण ही अट पॉलिसी विकताना एकानेही सांगितली नव्हती, बोनसचं मात्र चार वेळा सांगितलं होतं. कंपनीला लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. माझ्या बाबतीत त्या चिठ्ठीमुळे तिथेही फार आशा नाही.

चौकीने ऐकलं नाही तर अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही सोय आहे, आणि पोस्टाची पावती हीच पोच. मी हे पाचव्या फेरीनंतर केलं, पहिल्या फेरीनंतर करायला हवं होतं. आणि अपघात किरकोळ म्हणून गप्प बसू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ फक्त जखमींसाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची असते. त्याच दिवशी स्टेशन डायरीत नोंद झाली असती तर ‘मिटवलंय ना’ हे वाक्य मला ऐकावं लागलं नसतं.

गाडीत डॅशकॅम असेल तर धडकेनंतर लगेच लॉकचं बटण दाबा. पार्किंगमधली टक्कर अनेकदा इतकी हलकी असते की धक्का ओळखणाऱ्या जी-सेन्सरला ती कळत नाही, फाइल लॉक होत नाही आणि नव्या चित्रणाखाली आपोआप पुसली जाते. रिव्हर्स कॅमेऱ्यावर विसंबू नका, बहुतेक गाड्यांमध्ये तो फक्त दाखवतो, साठवत नाही.

हॉर्न कितीही वाजू देत, गाडी हलवायच्या आधी दोन मिनिटं घ्या. चारही बाजूंनी लांबून फोटो, त्यात जमिनीवरचे पट्टे, बाण आणि दोन्ही गाड्यांची पुढची चाकं कुठे वळली आहेत ते दिसू दे. मग जवळून, खुणेशेजारी बूट किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे उंची कळते. एक सलग व्हिडिओ, ज्यात त्याचा नंबर, त्याचं नुकसान, खालची जमीन आणि साक्षीदार म्हणवणाऱ्याचा चेहरा येईल. हा व्हिडिओ सुरू झाला की खाकी शर्टवाला तिथे किती वेळ उभा राहतो ते बघा.

आणि चिठ्ठी मागितलीच तर एवढंच लिहा: दिनांक, वेळ, कोणत्या मजल्यावर, कोणत्या खांबाजवळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, दोन्ही चालकांची नावं, लायसन्स आणि पॉलिसी क्रमांक, ‘दोन्ही गाड्यांचा एकमेकींना स्पर्श झाला’. चूक हा शब्द कुठेही नको. खाली आधी त्याची सही घ्या, मग तुमची करा, आणि कागदाचा फोटो हातात आल्याशिवाय कागद सोडू नका.