जोरदार वाऱ्यात बेटावरून बेटावर: बाहेरून जावं की आडोशाने?

निघायचं बेट आणि गाठायचं बेट यांच्यामध्ये तिसरं बेट आलं की दोन वाटा फुटतात. एक वाऱ्याकडच्या बाजूने, उघड्या समुद्रातून. दुसरी बेटाच्या आडोशाने. समजा वारा बाजूने येतोय, 25 नॉट (म्हणजे ताशी 25 सागरी मैल). बोट शिडाची, नऊ-दहा मीटरची, वेग 6 नॉट. बाहेरून 12 सागरी मैल, आडोशाने 16. फरक जेमतेम चाळीस मिनिटांचा, तेव्हा निर्णय वेळेवर ठरवू नका.

बाहेरच्या वाटेवर वारा जोरात असला तरी एकसारखा असतो. शीड एकदा लावलं की सारखा हात घालावा लागत नाही. लाटा मोठ्या, पण लांब अंतराच्या. सुकाणू धरणाऱ्याला त्यांचा ताल सापडतो. खरा धोका आहे तो वाऱ्याखाली असलेल्या किनाऱ्याचा. सुटलेला दोर इंजिनाच्या पंख्यात गुंतला, इंजिन बंद पडलं आणि त्याच वेळी जिब (पुढचं तिकोनी शीड) फाटलं, तर वाऱ्याला आडवी झालेली बोट दीड-दोन नॉटने खडकांकडे सरकते. अर्ध्या मैलावरून जात असाल तर हातात पंधरा-वीस मिनिटं. दोन मैल राखले तर तासभर. शिवाय उभ्या कड्यावर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांत मिसळतात आणि पाणी नुसतं उसळत राहतं. म्हणूनही अंतर हवं.

आडोशाचं पाणी सपाट दिसतं, आणि फसगत तिथेच होते. बेट सखल असेल तर प्रश्नच नाही, खुशाल आडोशाने जा. उंच डोंगराच्या बेटामागे मात्र वारा मरतो आणि मधूनच घळीतून झोत कोसळतो, तोही दिशा बदलून. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 25 चा झोत 35 वर गेला की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट. पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा पळत येताना दिसला की मेनचा, म्हणजे मुख्य शिडाचा, शीट (शीड ओढायचा-सैल करायचा दोर) हातात घ्या, क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) बांधून ठेवू नका. अशा ठिकाणी मेन उतरवून नुसत्या लहान जिबवर जाणं बरं: बूमवर (मेनच्या खालच्या आडव्या दांड्यावर) शीडच नाही, म्हणजे ती अचानक डोक्यावरून फिरण्याची भीती नाही. फक्त वाऱ्यावर चढायचं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जायचं, असेल तर हे चालत नाही.

आडोसा संपतो ते टोक सगळ्यात वाईट. बेटाला वळसा घालणारा वारा तिथे दाटतो. म्हणून टोकाच्या आधी, सपाट पाण्यातच, दुसरा रीफ घ्या, म्हणजे मेन आणखी एक टप्पा खाली घेऊन लहान करा. मेनचा शीट सैल, बूमचा वरचा दोर ताठ. मग हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) सोडून शिडाचा पुढचा डोळा, म्हणजे कडेचं भोक, डोलकाठीजवळच्या हुकात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताणा, आणि शेवटी मागचा रीफ दोर बूमला टेकेपर्यंत ओढा. मागचा दोर आधी ओढला तर पुढच्या डोळ्याला हुक गाठता येत नाही आणि शीड फाटण्याची वेळ येते.

वाट कुठलीही घ्या, खाडीसारख्या अरुंद सामुद्रधुनीतला प्रवाह वाऱ्याविरुद्ध वाहत असेल तर लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, हे फार जाणवतं. भांगाच्या भरतीत कमी. भरती-ओहोटीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून टोकाशी पाणी ठरण्याच्या सुमारास पोहोचाल अशी निघायची वेळ मागे मोजत ठरवा.

दोघांचीच बोट, बेट उंच नाही, तर आडोसा. बेट उंच, हातांची कमी नाही, सकाळीच रीफ घेऊन निघताय, तर दोन मैल राखून बाहेरून. अंदाजात 30 च्या वर सरासरी वारा आणि समोर प्रवाह असेल तर दोन्ही वाटा सोडा, नांगराची साखळी खोलीच्या किमान पाचपट सोडून दुसऱ्या दिवसाची भरती बघा.