म्युरेनमध्ये अख्खा हिवाळा राहिल्यावर: फ्लॅट घेण्याआधी सामानाचं बोला

घरमालकाने शेवटी डिपॉझिटमधून 'सामान वाहतुकी'चे पैसे कापलेच. करारात त्याचा उल्लेखही नव्हता. ईमेलवर बरेच दिवस भांडले, पण पैसे काही परत मिळाले नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करणारं कुणी आमच्यासारखं म्युरेन या आल्प्समधल्या गावात डिसेंबर ते एप्रिल फ्लॅट घ्यायच्या विचारात असेल, तर त्यांनी सही करण्याआधी हे वाचावं.

आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं समोर दिसतात, बर्फ भरपूर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. खरा प्रश्न सामानाचा. गाव 1638 मीटरवर, कड्याच्या माथ्यावरच्या सपाटीवर आहे आणि तिथे गाडी नेता येत नाही. खाली दरीतल्या लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्रुचआल्प, तिथे उतरून छोट्या रेल्वेने म्युरेन. झुरिकहून आणलेला आटा, तूरडाळ, कुकर, दोन मोठ्या बॅगा, सगळं चढवा, उतरवा, पुन्हा चढवा. स्टेशनवर पोचल्यावर फ्लॅटपर्यंतची बर्फाळ वाट उरतेच. गावातले लोक किराणा आणि लहान मुलं लाकडी स्लेजवर बसवून ओढतात. आम्हीही आठवडाभरात एक जुनी स्लेज विकत घेतली. पूर्ण मुक्कामात सगळ्यात जास्त वसूल झालेला खर्च तोच.

पहिला महिना माझी सारखी कुरकुर चालू होती: एवढं श्रीमंत गाव, मग सरळ रस्ता का करत नाहीत? मत बदललं ते ग्रुचआल्पच्या फलाटावर. रोपवेच्या केबिनखाली मालाचा कंटेनर टांगलेला असतो. वर पोचल्यावर कर्मचारी तो सोडवून रेल्वेच्या उघड्या वॅगनवर घेतात. दुधाचे क्रेट, हॉटेलांच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, पेयांच्या पेट्या, सगळं माणसांबरोबरच वर जातं. घाई नाही, आरडाओरडा नाही. हे पाहिल्यावर कळलं की या गावाचा स्वभाव रोपवे-रेल्वेच्या याच अदलाबदलीने घडवलाय. बस दारात येत नाही, म्हणून इथे कोणी अर्ध्या तासात फोटो काढून निघून जात नाही.

आधी ही डोंगरातली शेतकरी वस्ती होती, जर्मन बोलणाऱ्या वाल्सर लोकांची. 1891 मध्ये इथवर रेल्वे आली, पण ती उन्हाळ्यापुरती चालायची. हेन्री लन या इंग्रज प्रवास व्यावसायिकाने 1910 च्या सुमारास ती हिवाळ्यातही चालवायला लावली आणि पाहुणे आणले. त्यांचा मुलगा अर्नोल्ड लन जन्मला मद्रासमध्ये, 1888 साली. वडील तेव्हा तिथे मिशनरी होते. याच अर्नोल्डने 1922 मध्ये म्युरेनच्या उतारावर आजच्या पद्धतीची पहिली स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायची स्की शर्यत लावली. तोवर वळणं किती देखणी घेतली यालाही गुण असत. त्याने सांगितलं, फक्त वेळ मोजा. 1924 मध्ये कंदाहार स्की क्लब निघाला. नाव आलं अफगाण युद्धातले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या किताबावरून. 1931 ची पहिली जागतिक अल्पाइन स्कीइंग स्पर्धाही इथलीच आणि तीत बायकांच्या शर्यतीही होत्या. मद्रासला जन्मलेल्या माणसाने या खेळाचे नियम घडवले, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जानेवारीत 'इन्फर्नो' असते. शिल्टहॉर्न शिखरावरून खाली दरीच्या दिशेने स्कीची शर्यत, 1928 पासून. तेव्हा सतराजण धावले होते, आता अठराशेच्या वर. त्या आठवड्यात भाडी वाढतात, पण गावातली माणसं बोलकी होतात. हिशोबी घराने तो आठवडा टाळावा असं मी आधी म्हणायचे. आता म्हणेन, तोच धरा आणि बाकीचे दिवस कमी करा.

डिसेंबर 2024 पासून दरीतल्याच श्टेखेलबर्गहून थेट म्युरेनपर्यंत नवी रोपवे सुरू आहे. चढ 159.4 टक्के, जगातली सगळ्यात तीव्र चढाची म्हणतात. चार-पाच मिनिटांत वर. जड सामान असेल तर हीच घ्या. मला मात्र धास्ती आहे की दिवसभराचे पाहुणे यामुळे वाढतील आणि दुकानांचे भाव त्यांच्या खिशाकडे बघून ठरतील. हाताशी सामान नसताना मी अजून जुन्याच वाटेने जाते. अर्ध्या भाड्यात प्रवास देणारं हाफ-फेअर कार्ड दोन्हीकडे चालतं, ते नसेल तर पहिल्याच महिन्यात बजेट कोसळेल.

पुढचा हिवाळाही आम्ही तिथेच काढणार आहोत, घर मात्र दुसरं. नव्या घरमालकाला आधीच तीन गोष्टी लेखी विचारल्या आहेत: सामान कोण नेणार, पैसे किती आणि फ्लॅट कोणत्या स्टेशनजवळ? रेल्वे गावाच्या एका टोकाला थांबते, नवी रोपवे दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर बर्फातून चालायला पाऊण तास नाही लागत, पण हातात दहा किलो आटा असला की तेवढंच पुरे होतं.