ठिगळ की डेपो?

सोयाबीन काढताना थ्रेशरचा पट्टा तुटला तर आमच्या हिंगणघाटकडं कोणी मशीन नागपूरला नेत नाही. मिस्त्रीच वावरात येतो. युद्धातल्या विमानांचंही तसंच. पंखाला गोळीचं भोक पडलं, तर धावपट्टीच्या कडेलाच कडा घासून ॲल्युमिनियमचं ठिगळ रिव्हेटांनी ठोकायचं, की विमान पुन्हा उडायला मोकळं. बाहेरून दिसतं कसंतरीच, पण काम भागतं.

इंजिन मात्र धुळीत उघडता येत नाही. तिथं डेपोच, म्हणजे दुरुस्तीचा मोठा कारखानाच हवा. दुसऱ्या महायुद्धात बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं अमेरिकी विमानांसाठी हेच केलं. आज नाशिकजवळच्या ओझरचा हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो मिग-२९ सुट्टं करून जोडतो. हवाई दलाची देखभाल-दुरुस्ती बघणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच. पण डेपोत गेलेलं विमान लवकर परतत नाही. लढाई ऐन भरात असेल तर मी ठिगळवाल्याच्याच बाजूनं.