बारा बेस की दोनशे शिपाई? प्राचीन युद्धांचे मिनिएचर वॉरगेमिंग सुरू करण्यापूर्वी

अलेक्झांडर आणि पोरस, किंवा हॅनिबल आणि स्किपिओ यांच्या लढाया छोट्या धातूच्या वा प्लॅस्टिकच्या शिपायांनिशी टेबलावर मांडून खेळण्याचा छंद ज्यांना खुणावतो, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो कोणते सैन्य घ्यावे हा. प्रत्यक्षात त्याआधी किती सैन्य आपल्या हातून रंगवून होईल, हा प्रश्न सोडवावा लागतो, कारण हे शिपाई बहुधा न रंगवलेले आणि पुष्कळदा सुट्या भागांत मिळतात. ज्यांनी हा छंद अर्ध्यावर सोडला, त्यांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर राखाडी शिपायांनी भरलेले डबे हमखास सापडतात. म्हणून नियम, आकार आणि सैन्य या तीन गोष्टींची निवड एकत्रच करावी, आणि ती करताना हाताशी असलेल्या संध्याकाळी मोजून घ्याव्यात.

या छंदाचे घर मुख्यतः ब्रिटन आहे. टोनी बाथ यांनी १९६५ मध्ये ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था स्थापन केली आणि १९६९ मध्ये ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ने प्राचीन युद्धांसाठी आपले नियम छापले. पुढच्या दोन दशकांत त्या नियमांच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि त्यांतला बारकावा इतका वाढला, की एक लढाई संपवायला रविवार पुरेनासा झाला. तेव्हा १९९० मध्ये त्याच गटाने नेमक्या उलट दिशेने पाऊल टाकून ‘दे बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजेच डीबीए, हे पुस्तिकेएवढे नियम आणले. त्याची तिसरी आवृत्ती २०१४ ची आहे. दुसऱ्या टोकाला २०११ मध्ये आलेला ‘हेल सीझर’ आहे, ज्याला मोठे टेबल, मोठ्या तुकड्या आणि निवांत दुपार लागते. नवख्या माणसाची निवड बहुतेक वेळा या दोन वृत्तींमध्येच असते, मग पुस्तकांची नावे काहीही असोत.

डीबीएमध्ये प्रत्येक बाजूला फक्त बारा बेस, म्हणजे शिपाई चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या, असतात. १५ मिलिमीटर आकारात (हा आकडा शिपायाच्या साधारण उंचीचा) प्रत्येक बेसची रुंदी ४० मिलिमीटर असते आणि त्यावर जड पायदळाचे बहुधा चार, घोडदळाचे तीन, हलक्या भालाफेक्यांचे दोन शिपाई किंवा एकच हत्ती चिकटवलेला असतो. अशा रीतीने साधारण ३० ते ४५ शिपायांत संपूर्ण सैन्य उभे राहते आणि सुमारे दोन फूट चौरस जागेत लढाई होते, म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपराही पुरतो. प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा आणि जितके दान पडेल तितक्या हालचाली करायच्या. एका हालचालीत एक सुटा बेस हलतो किंवा ओळीत जोडून उभे असलेले अनेक बेस एकदमच पुढे जातात. या एका नियमात पुष्कळ शहाणपण आहे, कारण त्यामुळे ओळ सांभाळणारा सेनापती स्वस्तात पुढे सरकतो आणि जिथे ओळ मोडली तिथे प्रत्येक तुकडा स्वतःची किंमत मागू लागतो. दान एकचे पडले की मग मोडक्या ओळीकडे नुसते बघत बसावे लागते. चार बेस गमावणारी बाजू, समोरच्याचे नुकसान तिच्यापेक्षा कमी असेल तर, हरते. सवय झाल्यावर डाव तासाभरात संपतो.

हेल सीझरमध्ये तुकडी वीस-बावीस शिपायांची असते, आकार बहुतेकदा २८ मिलिमीटरचा असतो आणि दोन्ही बाजू मिळून दीड-दोनशे शिपाई सहज लागतात. टेबल किमान सहा फूट बाय चार फूट धरावे. त्याहून मोठे असेल तर उत्तम. इथे नायकाने आधी हुकूम तोंडाने स्पष्ट उच्चारायचा, मग दोन फासे टाकायचे, आणि बेरीज त्याच्या नेतृत्वाच्या आकड्याच्या, जो बहुधा आठ असतो, आत आली तर तुकडी हलते. फरक जितका मोठा, तितक्या जास्त हालचाली, पण तीनपेक्षा जास्त नाहीत. हुकूम फसला तर त्या नायकाची ती पाळी तिथेच संपते, आणि दोन्ही फाशांवर सहा पडले तर तुकडी भलतीकडेच निघू शकते. या नियमांचा सूर घरी जमलेल्या मित्रांच्या बैठकीचा आहे. शंकेच्या जागी एकमेकांचे ऐकून पुढे जावे, अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि ज्यांना शब्दावर बोट ठेवून खेळायची सवय आहे त्यांचे इथे खटके उडतात.

हे दोन मार्ग पारखण्यासाठी इसवी सनपूर्व ३२६ मधली झेलमकाठची लढाई घेणे सोयीचे आहे. ग्रीक इतिहासकार एरियन पोरसाच्या सैन्यात ३०,००० पायदळ, ४,००० घोडेस्वार, ३०० रथ आणि २०० हत्ती सांगतो, आणि दोन हत्तींमधले अंतर किमान एक प्लेथ्रॉन, म्हणजे सुमारे १०० फूट होते असेही म्हणतो. हा हिशेब शब्दशः धरला तर हत्तींची रांग सहा किलोमीटरांपर्यंत जाते. डीबीएच्या टेबलावर पोरसाचे हत्ती दोन किंवा तीन बेसमध्ये आटोपतात, त्यामुळे एक हत्ती साठ-सत्तर किंवा शंभर हत्तींच्या वतीने उभा असतो आणि डोळ्यांना ते पटवून घ्यावे लागते. २८ मिलिमीटरमध्ये आठ-दहा हत्ती रांगेत उभे केले, मधल्या जागांत धनुर्धारी भरले आणि टेबलाच्या पातळीवर डोळे आणून पाहिले, तर अलेक्झांडरचे घोडे समोरून का जात नव्हते हे नियम न वाचताही कळते. दृश्याचा हा आनंद मोठ्या सैन्याचाच, आणि त्याबाबतीत बारा बेसची त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

परंतु लढाईचे तर्कशास्त्र पाहू गेल्यास लहान खेळ मुळीच मागे पडत नाही. झेलमवर हलक्या भालाफेक्यांनी माहुतांना टिपले आणि कोंडीत सापडलेले हत्ती आपल्या-परक्यांना सारखेच तुडवू लागले. डीबीएमध्ये हत्तीला जड पायदळाची फारशी भीती नसते, पण हलक्या पायदळाकडून झुंज हरला तर तो मागे सरकत नाही, थेट नष्ट होतो. शिवाय हत्तींना हलवायला जादा दान लागते. एवढ्या दोन ओळींच्या नियमात पोरसाची अडचण येऊन जाते. अलेक्झांडरचा सरदार कोइनस याने घोडदळ घेऊन घातलेला वळसा मात्र हेल सीझरमध्ये अधिक रंगतो, कारण तिथे कोइनस हा स्वतःचे फासे टाकणारा वेगळा नायक असतो आणि त्याच्यापर्यंत हुकूम पोहोचतो की नाही या धाकधुकीत टेबलाभोवतीचे सगळे एकदम गप्प होतात. डीबीएमध्ये सेनापतीपासून दूर गेलेल्या बेसला जादा दान मोजावे लागते. ऐतिहासिक अडचण तीच असली, तरी तिथे ती नुसता हिशेब होऊन येते.

आता रंगकामाकडे वळू, कारण खरा खर्च तिथे आहे. माझ्या हाताला १५ मिलिमीटरच्या शिपायाला वीसेक मिनिटे लागतात आणि २८ मिलिमीटरच्या शिपायाला तास-सव्वा तास. ढालींवर नक्षी काढायची हौस असली तर त्याहून अधिक. त्या मानाने डीबीएचे एक सैन्य महिनाभराच्या संध्याकाळींत होते, आणि हेल सीझरची एक बाजू नोकरी सांभाळून वर्ष खाते. मोठ्या आकाराचे काम फक्त जास्त असते असे नाही, ते वेगळेही असते: २८ मिलिमीटरवर डोळे, चिलखताचे पट्टे आणि अंगरख्याच्या चुण्या दिसतात, म्हणून त्या रंगवाव्याच लागतात, तर १५ मिलिमीटरवर मांस, कापड, धातू आणि लाकूड असे चार रंग देऊन वरून पातळ तपकिरी पाणी सोडले की दोन फुटांवरून शिपाई जिवंत वाटतो. मॅसिडोनियन सैन्य घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरिसा हा भाला पाच-साडेपाच मीटर लांब होता, म्हणजे २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या हातात तो जवळजवळ दहा सेंटिमीटरचा होतो. मऊ धातूचा असला तर वाकतो, आणि पोलादी तारेचा लावला तर टिकतो पण प्रत्येक वेळी तुकडी उचलताना बोटांत घुसतो.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याने पावसाळ्याचा विचार वेगळा करावा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत डब्यातून फवारायचा प्राइमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा थर, शिपायावर पांढुरक्या पिठासारखा बसण्याचा धोका असतो, म्हणून जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्राइमर वापरणे शहाणपणाचे ठरते. शाळेतले पोस्टर रंग टाळावेत, कारण वाळल्यावरही पाणी लागले की ते सुटतात, अ‍ॅक्रिलिकच घ्यावेत. धातूचे भाग जोडायला फेविक्विक आणि बेसवर वाळू बसवायला पाणी मिसळलेले फेविकॉल पुरते. टेकड्या, झाडी आणि नदी बनवण्याची मात्र आपल्याकडे कुणाला शिकवणी नको. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरलेल्या आणि दरवाजाशी मातीचे मावळे उभे केलेल्या माणसाला भूप्रदेश कसा रचायचा हे हातालाच ठाऊक असते. शिपाई परदेशातून मागवल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क जमेस धरावे लागते, आणि तिथेही बारा बेसचे लहान पाकीट मोठ्या खोक्यापेक्षा सोसवते.

प्रतिस्पर्ध्याचा प्रश्नही इथे निर्णायक ठरतो. ब्रिटनमध्ये क्लबात गेल्यावर समोर कुणीतरी स्वतःचे सैन्य घेऊन बसलेला असतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये तो तुम्हालाच घडवावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही सैन्ये आपणच रंगवून ठेवणे हाच भरवशाचा उपाय आहे. शेजाऱ्याला किंवा भाच्याला नियम समजावून पहिला डाव तासाभरात संपवता आला तर तो दुसऱ्यांदा येतो. चार तासांच्या डावाला तो येईलच असे नाही. एकट्याने दोन बाजू उभ्या करायच्या तर २८ मिलिमीटरचे गणित बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते.

अधल्यामधल्या वाटा थोडक्यात सांगतो. सहा मिलिमीटरच्या शिपायांनी एकाच बेसवर वीस-पंचवीस जण उभे करता येतात आणि झुंडीचा परिणाम सुंदर साधतो, पण एकेका माणसात जीव गुंतत नाही. १:७२ प्रमाणाचे मऊ प्लॅस्टिक स्वस्त पडते. ते आधी साबणाच्या पाण्याने धुवावे, तरीही भाल्यांवरचा रंग पुढे सोलतोच. ‘टू द स्ट्राँगेस्ट’ या नियमांत टेबलावर चौकटी आखलेल्या असतात, मोजपट्टी आणि फासे लागत नाहीत, आणि एक ते दहा आकड्यांच्या पत्त्यांवर तुकड्या हलतात. कोणत्याही मापाचे बेस त्यात चालतात, म्हणून डीबीएसाठी रंगवलेले सैन्य पुढे वाढवत नेण्यास तो मला सर्वांत सोयीचा वाटतो. नावही नेमके आहे: मृत्युशय्येवरच्या अलेक्झांडरला राज्य कोणाला, असे विचारल्यावर ‘सर्वांत बलवानाला’ असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात.

रंगकामाचीच ज्याला धास्ती आहे त्याने शिपाई न घेता २००६ चा ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स’ हा पटखेळ घ्यावा. त्यात लाकडी ठोकळ्यांवर चित्रे चिकटवायची, षट्कोनी घरांच्या पटावर रोम आणि कार्थेज मांडायचे आणि हुकमांचे पत्ते खेळायचे. हत्तींचा नियम तर या सर्वांत त्याचाच मला अधिक आवडतो: हत्तीची तुकडी समोरच्या तुकडीइतकेच फासे टाकते, त्यामुळे जितका शत्रू बळकट तितका हत्ती घातक, आणि मागे हटायची वेळ आली की शेजारच्या प्रत्येक तुकडीवर, मग ती आपली असो वा परक्यांची, चाल करून जातो. लढाया समजून घेणे एवढाच हेतू असेल तर इथेच थांबले तरी काही बिघडत नाही. फक्त लाकडी ठोकळ्यांकडे टेबलाच्या पातळीवर डोळे आणून कुणी बघत बसत नाही.

म्हणून माझा कौल असा आहे. ज्याला ब्रश हातात धरून तासन्‌तास बसण्यातच सुख आहे, खेळ वर्षातून दोनदा झाला तरी चालतो आणि घरात सहा फुटी टेबल महिनाभर अडवून ठेवता येते, त्याने सरळ २८ मिलिमीटर आणि हेल सीझर घ्यावे. त्याला लहान सैन्याचा उपदेश करणे म्हणजे गायकाला फक्त तराणा गा म्हणण्यासारखे आहे. बाकी सर्वांनी १५ मिलिमीटरची, एकमेकांशी खरोखर लढलेली दोन डीबीए सैन्ये घ्यावीत. रोम आणि कार्थेज ही जोडी समतोल आहे व शिपाई सहज मिळतात. तरीही मी मॅसिडोनियन आणि भारतीय ही जोडी सुचवेन, कारण भालेकऱ्यांची शिस्तबद्ध भिंत आणि हत्ती-धनुष्याचे सैन्य यांना अगदी वेगळ्या रीतीने खेळावे लागते. शिवाय अलेक्झांडरचा सरदार सेल्युकस याने चंद्रगुप्ताकडून घेतलेले ५०० हत्ती पुढे अलेक्झांडरच्या सरदारांमध्येच झालेल्या इप्ससच्या लढाईपर्यंत पोहोचल्यामुळे तेच हत्तींचे बेस पुढे ग्रीक सैन्यातही वापरता येतात.

रंगवायला बसताना भालेकऱ्यांचे दोन बेस आधी संपवावेत आणि कंटाळा डोकावू लागला की लगेच एक हत्ती घ्यावा. त्याच्या पाठीवर लाकडी बुरुजासारखा हौदा लावू नये. ते पुढच्या काळातले मानले जातात आणि एरियन पोरसाच्या हत्तींवर त्यांचा उल्लेख करत नाही. परदेशी चित्रांत हत्ती बहुधा सरसकट राखाडी दिसतो, पण मंदिरात किंवा प्राणिसंग्रहालयात हत्ती जवळून पाहिलेल्याला आठवत असेल, की वयस्क हत्तीच्या कानांच्या कडा आणि सोंडेचा वरचा भाग गुलाबीसर, ठिपक्याठिपक्यांचा असतो. १५ मिलिमीटरवरही तेवढे ठिपके बारीक ब्रशाने देता येतात.