‘अठरा इंची’च्या नावाखाली ८६,७०० रुपये

आधी आकडे, इलेक्ट्रिक गाडीला मोठी चाकं बसवून घेतली त्याचे. अलॉय रिम चार, प्रत्येकी १४,५००, म्हणजे ५८,०००. टायर चार, प्रत्येकी ९,२००, म्हणजे ३६,८००. हब रिंग (रिम बरोबर मधोमध बसवणारं कडं), नट, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून ३,४००. ‘ईव्ही कॅलिब्रेशन’ नावाच्या प्रकाराचे ४,५००. बेरीज १,०२,७००. त्यातून जुनी चार चाकं टायरसकट दुकानाने ‘बायबॅक’ केली म्हणून १६,००० वजा. खिशातून गेले ८६,७००. पैकी ४६,७०० यूपीआयने आणि ४०,००० रोख, कारण ‘अठ्ठावीस टक्के जीएसटी कशाला भरता साहेब?’ बिल कच्चं. त्यावर मालाचं वर्णन एवढंच: ‘१८ इंच अलॉय सेट, १ नग’.

हलकं सांगून जड विकणं, ताजं सांगून जुनं विकणं, जुना माल पडत्या भावात उचलून दुसरीकडे चढ्या भावात काढणं, हे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. ठाऊक नसेल ती डेमोची चलाखी, म्हणून ती नीट सांगतो.

गाडी छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही. कंपनीचे टायर २१५/६० आर१६, म्हणजे रुंदी २१५ मिमी, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंच. दुकान पुण्यातलं, वातानुकूलित, काचेमागे रिम टांगलेल्या. नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. त्यांच्याकडे त्याच मॉडेलची डेमोची गाडी होती, ‘अठरा इंची’ बसवलेली. मोकळ्या रस्त्यावर शून्य ते साठ करून दाखवलं, मोबाइलवर वेळ लावून. कंपनीच्या चाकांपेक्षा चक्क कमी वेळ. मग दुकानात चहा, आणि चहासोबत दुसरा मुद्दा: ‘मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मोटर कमी फिरते, म्हणजे रेंज वाढते.’

इथेच थांबायला हवं होतं. एकाच चाकाने पिकअपही वाढणार आणि मोटरचे फेरेही कमी होणार? बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बदलता येणारे गिअर नसतात, एकच ठरावीक रिडक्शन असतं, म्हणजे मोटरच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा हे प्रमाण कायम. चाकाची उंची बदलली की गिअर बदलल्यासारखंच होतं, आणि ते भरून काढायला दुसरा गिअर नसतो. चाक लहान झालं तर जमिनीवरचा जोर वाढतो, मोटर जास्त फिरते. मोठं झालं तर उलट. दोन्ही फायदे एका चाकातून काढता येत नाहीत. हे शाळेतल्या तरफेच्या धड्याइतकं सोपं आहे आणि ते कळत असूनही मान डोलावली गेली, याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

खरी गोम ‘अठरा इंची’ या शब्दात होती. अठरा इंच हा फक्त रिमचा व्यास. जमिनीपासून किती उंच, ते टायरची साइडवॉल ठरवते. डेमोच्या गाडीला २२५/४० आर१८ होते. हिशोब करा: १८ गुणिले २५.४ म्हणजे ४५७ मिमी, अधिक २२५च्या ४० टक्क्यांची दुप्पट, १८०. एकूण ६३७ मिमी. कंपनीचं चाक ६६४ मिमी. म्हणजे डेमोचं चाक ४ टक्के लहान! पिकअप वाढणारच. शिवाय स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे काट्यावर ६० दिसलं तेव्हा गाडी खरं तर साधारण ५७.५वर होती. वेळ काट्यावर लावली होती, जीपीएसवर नाही. त्यातही आधीची, कंपनीच्या चाकांवरची फेरी कमी जोराच्या इको मोडमध्ये आणि नंतरची स्पोर्टमध्ये झाली असणार. स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, पण बघणारे डोळे काट्यावर खिळलेले.

आणि विकलं काय? २२५/५५ आर१८. व्यास ७०५ मिमी, कंपनीच्या चाकापेक्षा ६ टक्के मोठं. ‘आपल्या रस्त्यांवर खड्डे, तुम्हाला जाड साइडवॉल देतो,’ म्हणे. ऐकायला काळजी, प्रत्यक्षात गोदामात पडलेला माल खपवणं. कंपनीचं चाक किलोमीटरला सुमारे ४७९ फेरे घेतं, डेमोचं ५००, गळ्यात मारलेलं ४५२. हे तीन आकडे कागदावर मांडायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं चहा पिण्यात गेली.

आता परिणाम. दोन्ही वेळा मोड तोच ठेवून, बॅटरी ७० टक्क्यांच्या वर, तोच रस्ता दोन्ही दिशांनी, जीपीएस अ‍ॅपवर: शून्य ते साठ आधी ४.८ सेकंद, नंतर ५.२. चाक मोठं झाल्याने सुरुवातीचा जोर ६ टक्के घटला, हा मोठा वाटा. साधारण चाळीस-पन्नासच्या पुढे टॉर्कऐवजी (फिरवण्याच्या जोराऐवजी) पॉवरची मर्यादा येते, तिथे व्यासाचा फरक जवळजवळ विरतो. म्हणून हायवेवर ओव्हरटेक करताना फारसं कळत नाही, घाटात चढावर गाडी उचलताना मात्र कळतं.

वजनाचं दुखणं वेगळं. रिम ‘फोर्ज्ड, ८.२ किलो’ सांगितल्या होत्या, म्हणजे दाबून घडवलेल्या, हलक्या. भंगारवाल्याच्या काट्यावर १२.७ किलो भरल्या. साध्या कास्ट, म्हणजे ओतीव. साडेचौदा हजारांत अठरा इंची फोर्ज्ड रिम मिळत नाही, हे बाजारात फिरणाऱ्या पोरालाही माहीत असतं. टायरसकट एक चाक २४.८ किलो, कंपनीचं १८.८. चारांचे मिळून २४ किलो जास्त. फिरणारं वजन वेग घेताना दुपटीच्या जवळपास मोजावं लागतं, तेव्हा ४०-४५ किलोचा माणूस कायमचा मागे बसवल्यासारखं. ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ ही दुकानदारांची आवडती थाप आहे. कितीही ताणलं तरी दोनाच्या वर जात नाही. गंमत म्हणजे ही थापही त्यांनीच मारली होती, हलकी रिम विकताना.

टायर ‘ईव्ही स्पेशल, लो रोलिंग’ सांगितलेले. साइडवॉलवरचा तारखेचा कोड ३११९, म्हणजे २०१९चा ३१वा आठवडा. बसवले नोव्हेंबर २०२४मध्ये. पाच वर्षं जुना माल, वर स्पोर्ट नक्षीचा, रस्त्यावर आवाज करणारा. त्यात हवा २८ पीएसआय भरून दिली, ‘मऊ चालेल’ म्हणून. दाराच्या खांबावरच्या पाटीवर ३५. रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या विरोधाचा, गुणांक ०.००८वरून ०.०१२वर गेला तर दीड टनाच्या गाडीला किलोमीटरमागे १६ वॉट-अवर जास्त लागतात. स्क्रीनवर किलोमीटरमागच्या वॉट-अवरचा आकडा १३०वरून १५५वर गेला. तक्रार केल्यावर दुकानदार म्हणाला, ‘मीटरच चुकतोय.’ एवढं मात्र खरं. चाक मोठं, म्हणून ओडोमीटर अंतर कमी दाखवतो. ते ६ टक्के दुरुस्त केले तरी १४६ उरतातच. बॅटरीतून ३० युनिट वापरायला मिळत असतील तर २३०ची रेंज २०५वर येते, आणि स्क्रीनवर १९३.

मग ते ४,५०० रुपयांचं कॅलिब्रेशन कशाचं होतं? स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये एक डोंगल खुपसलं, फोनवर हिरवी टिक दाखवली, काढून घेतलं. मीटरमध्ये काहीच बदललं नाही. जिथे सॉफ्टवेअरमध्ये चाकाचा घेर बदलता येतो तिथेही त्याने मीटर सुधारतो, दातेरी चाकं बदलत नाहीत. हब रिंगचे पैसे घेतले होते, चाक खोलल्यावर त्या आतमध्ये नव्हत्याच. ऐंशीला स्टिअरिंग थरथरायचं ते त्यामुळे. खरेदीच्या दिवशी चाक खोलून दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर चावी घेऊन निघा.

जुनी चाकं परत मागितली तर ‘विकली गेली’. तोच सेट, डाव्या पुढच्या रिमवरच्या ओरखड्यासकट, ऑनलाइन ३४,०००ला लागलेला होता. बायबॅकला हो म्हणू नका. घरात जागा नसेल तर भाऊबंदांकडे ठेवा.

आता दाद. पोलीस चौकीत सांगितलं, ‘हा सिव्हिल मॅटर आहे, मर्जीने पैसे दिलेत ना?’ चूक नाही त्यांची म्हणावं, तर पुढचं वाक्य: ‘गाडी तर चालतेय.’ आरटीओत एका खिडकीवरून दुसऱ्या, तिथून ‘साहेब जेवायला गेलेत’, मग ‘टायर आमच्याकडे येत नाहीत, फिटनेसला बघू’. खासगी गाडीचा फिटनेस पंधरा वर्षांनी! हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, दुकानदाराने ‘ग्राहक समाधानी’ असं उत्तर पाठवलं आणि तक्रार बंद. समाधानी कोण, हे विचारायला कुणी फोनही केला नाही. कर खात्यात पक्कं बिल न दिल्याची तक्रार केली तर पुरावा मागितला, आणि पुरावा म्हणजे बिल! सर्व्हिस सेंटरने सस्पेन्शनची वॉरंटी आता देणार नाही, हे मात्र एका मिनिटात सांगितलं. तिथे कागद तयार असतो.

मान्य, रोख देण्याचा मूर्खपणा स्वतःचाच. पण यूपीआयचे ४६,७०० तरी दिसतात, त्या रकमेवर उभं राहता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुकानदाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोला, फोनवर नको, ‘फोर्ज्ड’, ‘८.२ किलो’, ‘२०२४चे टायर’ हे शब्द लिहून घ्या. आमच्याकडे ‘फोर्ज्ड’ची चॅट आहे, वजनाची नाही, आणि वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

कंपनीच्या मापावर परत यायला सेकंडहँड रिम २२,०००, नवे टायर ३२,६००. एकूण खड्डा १,४१,३००चा. १५० वॉट-अवरच्या खाली आकडा पुन्हा येतोय. १८ इंची सेट विकता येत नाही, पुरावा आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलाय आणि सोसायटीने त्याच्यावरही नोटीस चिकटवली आहे.