रात्रीच्या ओलिताला कोणती कादंबरी न्यावी : राजघराणी, प्रेमकथा की विनोदी अद्भुत

ऐतिहासिक प्रेमकथा, विनोदी अद्भुतकथा आणि राजघराण्यांवरची ऐतिहासिक कादंबरी हे तीनही प्रकार मी निवृत्तीनंतर आलटून पालटून वाचत आलो आहे. ज्यांच्या एका हातात आता पुस्तक असते आणि दुसरा हात पंपाच्या स्टार्टरवर असतो, असे माझे काही जुने विद्यार्थी अधूनमधून विचारतात, की सर, यांतले आधी कोणते धरावे. उत्तर देण्यापूर्वी माझ्या वाचनाची परिस्थिती सांगणे भाग आहे, कारण माझे मत तिच्यातूनच बनलेले आहे. अचलपूर आणि अंजनगाव यांच्या दरम्यान, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे पाच एकर वावर आहे. रब्बीत गहू आणि हरभरा असतो. शेतीची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, आणि रात्रीची पाळी असली की मी विहिरीजवळच्या खोपडीत बॅटरी, थर्मास आणि एक पुस्तक घेऊन बसतो. एक वाफा भरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ वाचायचे, उठायचे, दांड फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचे, चिखलाचे हात धुऊन पुन्हा पुस्तक उघडायचे. ज्याला सलग चार तास मिळतात, त्याने माझ्या मतातून थोडे वजा करून घ्यावे.

राजघराण्यांवरच्या कादंबरीशी आपले नाते सर्वांत जुने आहे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१ मध्ये आली. आज आमच्या भागातल्या कोणत्याही वाचनालयाचे कपाट उघडले, तर सर्वांत जाड आणि पाठीवरून सर्वांत उसवलेली पुस्तके राजांच्या कादंबऱ्यांचीच निघतात. विदर्भात या ओढीला हक्काची कारणेही आहेत. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेड राजा आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, चंद्रपूरला राणी हिराईने पती बीरशाहासाठी बांधलेली समाधी उभी आहे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या गोष्टी तर आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. दरबार भरला आणि खलिता फोडला गेला, की वाचणारा बसल्या जागी ताठ होतो. ही ताकद दुसऱ्या कोणत्याही प्रकारात नाही. ती ताकद कधी कधी उलटतेही. जयंतीच्या भाषणात कादंबरीतला संवाद इतिहासातले वाक्य म्हणून ठणकावून सांगितला जातो, आणि शाळेत असताना मुलांची अशी भाषणे तपासताना लाल पेन किती चालवावे, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. परंतु या प्रकाराने माझी अडचण केली ती वेगळ्याच ठिकाणी. ती अडचण नावांची होती.

हे क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पेशवाईची कादंबरी घ्या. नाना म्हणजे पेशवे नानासाहेब की नाना फडणवीस, भाऊ आणि दादा ही संबोधने की माणसे, हे प्रत्येक पानावर संदर्भाने ठरवावे लागते. बाजीराव दोन, माधवराव दोन. नागपूरकरांकडे वळलो तर तीन रघूजी आणि दोन मुधोजी. त्यांतल्या दुसऱ्या मुधोजीला सगळे आप्पासाहेब म्हणतात, आणि दुसरा रघूजी हा मुलगा पहिल्या मुधोजीचा, पण दत्तक गेलेला जानोजीला. तरी ही आपली नावे आहेत, लहानपणापासून कानावर पडलेली आहेत, त्यामुळे निभावून जाते. खरी फजिती झाली ती इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारात. या राजाने १५०९ ते १५४७ राज्य केले आणि सहा लग्ने केली. त्या सहा राण्यांत तीन कॅथरिन, दोन ॲन आणि एक जेन आहे. दरबारात वुल्सी थॉमस, मोर थॉमस, क्रॉमवेल थॉमस आणि क्रॅन्मर थॉमस. शिवाय दुसऱ्या राणीचा बापही थॉमस आणि मामाही थॉमस. यात कादंबरीकाराचा काहीच दोष नाही, बारशालाच सगळा घोळ होऊन बसला आहे.

डिसेंबरातली रात्र होती आणि गव्हाचे दुसरे पाणी चालू होते. लाईन बाराला आली. कादंबरीत थॉमसला अटक झाली त्याच वेळी वाफा भरला, म्हणून मी उठलो, पाणी वळवून आलो, आणि कोणता थॉमस पकडला गेला हे मला काही केल्या आठवेना. मोरचा शिरच्छेद १५३५ चा आणि क्रॉमवेलचा १५४० चा, एवढे मला ठाऊक होते; पण कादंबरीतले साल मागे कुठेतरी राहून गेले होते. मी पाने उलटी चाळू लागलो. चाळता चाळता सुरुवातीच्या वंशावळीपर्यंत पोहोचलो, तर तिथले अक्षर इतके बारीक, की बॅटरी दातांत धरून आणि चष्मा कपाळावर सरकवून पान नाकाशी न्यावे लागले. थॉमस सापडला. तोपर्यंत वाफा भरून, धुरा म्हणजे बांध फोडून पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरले होते. हरभऱ्याला जास्तीचे पाणी सोसत नाही, झाड उबळते. सकाळी शेजारी धुऱ्यावर येऊन उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, “मास्तर, काय वाचून राहिले जी तुमी? माह्या चन्यात पानी घुसलं ना!” त्यांना मी सहा राण्यांबद्दल काय सांगणार होतो? त्यांच्या दोन ओळींतली झाडे पिवळी पडली. हंगाम निघाल्यावर मी आमच्यातला एक कट्टा हरभरा त्यांच्या घरी नेऊन ठेवला, आणि त्यांनी तो ‘राहू द्या जी’ म्हणत म्हणत ठेवून घेतला. तेव्हापासून रात्रीच्या पाळीला मी राजवाड्यात जात नाही.

विनोदी अद्भुतकथेकडून माझ्या अपेक्षा फार होत्या. देवाला चिमटे काढण्याची सवय आपल्याला भारुडांनी लावली आहे, आणि गौळणीतला पेंद्या कृष्णाची जी थट्टा करतो तिला गावात कोणी पाप मानत नाही. तेव्हा जादूगारांची आणि राक्षसांची थट्टा आपल्याला सहज पचावी, असा माझा हिशेब होता. या प्रकारातली सर्वांत नावाजलेली इंग्रजी मालिका टेरी प्रॅचेट यांची डिस्कवर्ल्ड होय. १९८३ ते २०१५ या काळात तिच्या ४१ कादंबऱ्या आल्या. तिथले जग चपटे आहे, ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेले आहे आणि हत्ती कासवावर उभे आहेत, हे वाचताना आपल्या कूर्माची आणि दिग्गजांची आठवण येऊन मला अगदी घरच्यासारखे वाटले. कल्पकतेत हा प्रकार तिघांत वरचढ आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण यांतल्या बहुतेक कादंबऱ्यांना प्रकरणेच नाहीत, त्यामुळे कुठे थांबावे हे पाणी ठरवते, आणि विनोदाचा मोठा वाटा तळटीपांत असतो. मी ही पुस्तके मोबाईलवर वाचली. ओल्या अंगठ्याने ती बारीकशी फुली दाबली की कधी टीप उघडते, कधी पान उलटते, आणि परत यावे तर विनोद निघून गेलेला असतो. शिवाय बरेच विनोद तिकडच्या परीकथांवर बेतलेले आहेत. घरी एक विनोद मराठीत सांगू लागलो, तर त्यापूर्वी दोन परीकथा सांगाव्या लागल्या. तेवढ्यात चुलीवरची कढी उतू गेली आणि हसू त्या कढीवरच आले. इंग्रजी बालवाङ्मय लहानपणी वाचलेल्याला हा प्रकार माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक देईल, असे मला वाटते.

आता ऐतिहासिक प्रेमकथा. मराठीत हा वेगळा कप्पा फारसा नाही. बाजीराव-मस्तानीचे प्रेमही आपण राजघराण्याच्या कादंबरीतच वाचतो. म्हणून मी वाचल्या त्या इंग्रजी, आणि त्यांतल्या बहुसंख्य १८११ ते १८२० या काळात घडतात. तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्याचा मुलगा त्याच्या वतीने कारभार पाहत होता, तो हा काळ. भाषा सोपी असते, दहावीपर्यंतचे इंग्रजी आणि थोडा धीर पुरतो. मुखपृष्ठाबद्दल मात्र सावध करतो. ज्याच्या सदऱ्याला बहुधा बटणेच नसतात असा नायक त्यावर असतो, आणि निवृत्त मास्तराच्या हातात तो शोभत नाही. मी प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालतो, आणि पंचायतीच्या ओट्यावर बसणाऱ्यांचा समज असा आहे की मी शेतीविषयक काही वाचतो.

तो समज तितकासा चुकीचाही नाही. या कथांत प्रेम असते, पण प्रेमाच्या खाली सगळीकडे जमीन असते. नायकाचे जमिनीचे वार्षिक उत्पन्न किती पौंड, नायिकेला माहेरून काय मिळणार, बापावर कर्ज किती, हे पहिल्या दोन प्रकरणांतच उघड होते. तिकडच्या मोठ्या घरांत जमीन थोरल्या मुलाकडे जात असे आणि धाकट्यांनी फौजेत किंवा चर्चमध्ये पोट भरायचे असे. आमच्याकडे हिस्से पडत पडत वावरापेक्षा धुरेच जास्त झाले आहेत, त्यामुळे थोरल्याला सगळे देण्यात काय सोय आणि काय अन्याय आहे, हे मला समजावून सांगावे लागत नाही. राजांच्या जाडजूड कादंबरीत पन्नास हजारांची फौज मुलखातून जाते, पण तिच्या घोड्यांनी कोणाचे पीक खाल्ले हे विचारायला कोणी थांबत नाही. प्रेमकथेत निदान भाडेकरू कुळाचे छप्पर गळते आणि ते कोणी दुरुस्त करायचे यावर नायक-नायिकेचे पहिले भांडण होते.

कायदाही कथेत छान विणलेला असतो. इंग्लंडात १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना बापाच्या संमतीशिवाय लग्न करता येईना, पण स्कॉटलंडात दोन साक्षीदारांसमोर हो म्हटले तरी पुरत असे. म्हणून जोडपी घोडागाडीने लंडनहून तीनशे मैलांपेक्षा दूर, सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावाकडे पळत आणि तिथल्या लोहाराच्या ऐरणीसमोर लग्न लावत. मागून बाप दुसऱ्या गाडीत असतोच. पहाटेच्या पहिल्या एसटीने पळालेली जोडपी आणि त्यांच्यामागे मोटारसायकलवर निघालेले मामा-काका मी पाहिलेले आहेत. दोनशे वर्षांत वाहने तेवढी बदलली.

आणि माझ्या अडचणीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, गोष्ट दोन माणसांची असते. पाणी वळवून पंचवीस मिनिटांनी परत आलो, तरी कोण कोणावर रुसले आहे हे पुस्तक उघडल्याबरोबर कळते. शेवट आधीच ठाऊक असतो, असा आक्षेप या प्रकारावर नेहमी घेतला जातो. तो खराच आहे. पण आठव्या हेन्रीच्या दुसऱ्या राणीचा मे १५३६ मध्ये शिरच्छेद झाला, हेही आधीच ठाऊक असते.

दोष आहेत. खऱ्या इंग्लंडात ड्यूक, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे सरदार, मूठभर होते. या पुस्तकांत ते आमच्याकडे पाटील निघावेत तसे निघतात. दुसरा दोष मला अधिक बोचतो. नायक पुष्कळदा ‘भारतातून’ आलेला असतो, पायाने किंचित लंगडत आणि खिशाने भरलेला, आणि भारताची गोष्ट तेवढ्या एका वाक्यात संपते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला ज्या आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर सही करून घेतली, तोच १८१५ च्या वॉटर्लूनंतर या कथांतल्या नाचघरांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून मिरवतो. दिवसपाळीला माझ्या खोपडीतून गाविलगडाची डोंगररांग दिसते. तिच्याकडे पाहत ते एक वाक्य वाचताना पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते, आणि अशा वेळी राजघराण्याची मराठी कादंबरीच हवी, कारण तिच्यात त्या तटाच्या आतली माणसे बोलतात.

तेव्हा ज्याची सुटी लांब आहे, घरात दुपारी निवांतपणा आहे आणि जवळ नावे टिपायला वही आहे, त्याने राजांपासून सुरुवात करावी. मी त्याला अडवणार नाही. इंग्रजीवर चांगली पकड असणाऱ्याने आणि कागदी प्रत मिळवू शकणाऱ्याने अद्भुतकथा घेऊन पाहावी. बाकीच्यांना, विशेषतः ज्यांचे वाचन मधेमधे तुटते त्यांना, मी भिडस्तपणे का होईना प्रेमकथाच हातात देतो आणि सोबत वर्तमानपत्राचा एक जुना अंकही.

सहा राण्यांची ती कादंबरी मी टाकून दिलेली नाही. गहू निघाला की उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर ती पुन्हा उघडतो, पोस्टकार्डावर लिहिलेली थॉमसांची यादी खूण म्हणून आत ठेवली आहे. गेल्या मे महिन्यात चौथ्या राणीपर्यंत पोहोचलो. तिचे नाव पुन्हा ॲनच आहे, आणि पुढे दोन कॅथरिन उरल्या आहेत.